डिझेल गाडी आणि अप्पांची डावी बाजू

गाडी डिझेलच घ्यायची, हे अप्पांनी ठरवलं. अप्पा म्हणजे माझे सासरे. संरक्षण खात्याच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी इंजिनं तपासली. इंजिन चौकटीवर बसवायचं, तासन्‌तास चालवायचं, काट्यांवरचे आकडे कागदावर उतरवायचे आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. घराणं तंजावरचं मराठी. त्यांची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, मधूनमधून तमिळ; मला ते तमिळ रीतीने 'मा' म्हणायचे. मी साताऱ्याकडची, बँकेतल्या नोकरीमुळे चेन्नईत आले आणि इथेच लग्न केलं. पहिली दोन वर्षं मला त्यांचं निम्मंच बोलणं कळायचं. इंजिनाविषयी बोलायला लागले की मात्र सगळं कळायचं, कारण तेव्हा ते हातांनी बोलायचे.

नवऱ्याला पेट्रोलची, आपोआप गिअर बदलणारी गाडी हवी होती. पण तो रोज कंपनीच्या बसने सिरुसेरीला जायचा, गाडी घरीच असायची आणि चालवायचे अप्पाच. त्यामुळे त्याचं मत फारसं चाललं नाही. अप्पांनी चार कंपन्यांची माहितीपत्रकं आणली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून आठवडाभर वाचली. शेवटी निवडलेली गाडी चार मीटरच्या आत लांबीची, पण उंच होती. दीड लिटरचं इंजिन, सहा गिअर, पाच माणसं आणि तंजावरहून येणारी तांदळाची पोती मावतील एवढी डिकी. त्यांचा सगळा जीव मात्र एकाच आकड्यावर होता. इंजिनाची पूर्ण ओढ मिनिटाला दीड हजार फेऱ्यांपासूनच मिळते, असं तिथे छापलं होतं. पेट्रोल इंजिनाला आधी ओरडावं लागतं, हें न ओरडतां ओढतें, असं ते मला म्हणाले.

गाडी आली आणि खरंच तशी होती. सकाळी थंड असताना टकटक वाजायची, बाहेर उभं राहिलं तर चांगलीच ऐकू यायची. पण काचा लावून बसलं की तो आवाज दूर जायचा, पावलांखाली फक्त बारीकशी थरथर राहायची. उंच सीटवरून अण्णा नगरचे सगळे रस्ते मला नव्याने दिसले.

दुसऱ्याच महिन्यात इमारतीच्या तळघरात गाडी लावताना खांबाला घासून डावं दार खरवडलं गेलं. मग डावा आरसा एका ऑटोला लागला. अप्पा म्हणाले, गाडी रुंद आहे आणि समोरच्या काचेशेजारचा खांब जाड आहे, त्याच्या आड माणूस लपतो. नवऱ्याने माहितीपत्रक काढून पाहिलं. आमच्या जुन्या छोट्या गाडीपेक्षा ही वीतभर रुंद होती, हे खरं. मीही एकदा त्या सीटवर बसून पाहिलं, खांब जाड होता, हेही खरं. शिवाय अप्पा लांबच्या बसवरची पाटी माझ्याआधी वाचायचे. अशा माणसाच्या डोळ्यांबद्दल शंका कोण घेणार?

शंका मला आली होती, आणि मी ती बोलले नाही, हे इथे लिहायला हवं. जेवताना त्यांच्या डाव्या हाताचं ताकाचं फुलपात्र वरचेवर लवंडायचं. मी एकदा डावीकडून खोलीत शिरले तर ते दचकले. मेट्रो स्टेशनवर मला सोडायला येताना ते डाव्या बाजूने येणाऱ्या माणसांसाठी उशिरा ब्रेक दाबायचे, आणि माझा पाय गाडीच्या तळाशी आपोआप दाबला जायचा. नवऱ्याशी बोलले तर तो म्हणाला, तू सांग, तुझं ऐकतात ते. मी म्हणाले, वडील तुझे आहेत. सासूबाई गेल्यापासून अप्पांचा सगळा दिवस त्या गाडीभोवतीच फिरायचा. ती काढून घेणारं माणूस आम्हा दोघांनाही व्हायचं नव्हतं.

मग तंजावरला अप्पांच्या थोरल्या बहिणीचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. नवऱ्याला सुट्टी मिळेना, तो दुसऱ्या दिवशी रेल्वेने येणार होता. अप्पा आणि मी पहाटे गाडीने निघालो. निघताना नवऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढे बस आणि डोळे उघडे ठेव. मी ती गाडी तोवर तळघरातून फाटकापर्यंतच नेली होती.

महामार्गावर अप्पांचं चालवणं सुरेख होतं. सहाव्या गिअरमध्ये नव्वदचा वेग, फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या जरा खाली, आणि गाडी इतकी शांत की आम्ही हळू आवाजात बोलत होतो. पुढे ट्रक आला तरी ते गिअर बदलायचे नाहीत. पाय थोडा दाबायचे, गाडी एक श्वास थांबायची आणि मग पाठीवर हात ठेवून कुणी ढकलल्यासारखी पुढे सरकायची. मी ढिली पडले. मला वाटलं, उगीच भीत होतो आपण.

विक्रवांडीला महामार्ग सोडला, पनरुट्टी मागे पडलं. रस्ता आता गावांमधून जात होता, दोन्ही बाजूंना झाडं, सायकली, बकऱ्या. एका वळणापुढे डावीकडे एक म्हातारा माणूस सायकल हातात धरून उभा होता. सायकलीच्या मागे केळीच्या पानांचे दोन मोठे भारे. तो मला लांबूनच दिसला. त्याने उजवीकडे पाहिलं, गाडी अजून दूर आहे असं त्याला वाटलं असावं, आणि सायकल ढकलत तो रस्त्यावर आला. अप्पांनी वेग कमी केला नाही. मी एक क्षण वाट पाहिली, ते पाहतीलच म्हणून.

"अप्पा, डावीकडे!"

त्यांनी ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, खालून खडखड आवाज आला, पट्टा माझ्या खांद्यात रुतला. पण गाडी जराही तिरकी न होता सरळ रेषेत थांबली. समोर माणूस नव्हता. तेवढ्यापुरतं मला काहीच ऐकू येईना. मग बॉनेटच्या पलीकडून तो उभा राहिला. आम्ही त्याला शिवलोही नव्हतो, घाबरून त्याने सायकल सोडली होती आणि तोल जाऊन तो खाली बसला होता. पानं रस्ताभर पसरली होती.

मी उतरून पानं गोळा करू लागले. अप्पा त्या माणसापाशी गेले. दोघांचं वय साधारण सारखंच. अप्पांनी त्याला पाणी दिलं, हातपाय हलवून पाहायला लावले आणि मग त्याचे दोन्ही हात धरून तमिळमध्ये माफी मागितली. अप्पांना कुणाची माफी मागताना मी प्रथमच पाहत होते. तो माणूस उलट त्यांचीच समजूत घालत होता, चूक माझीच, मी घाई केली म्हणून. भारे पुन्हा बांधून दिल्यावर तो सायकल ढकलत निघून गेला.

अप्पा तिथेच उभे होते.

"तो कोठून आला, मा?"

"तिथेच उभा होता, अप्पा. मला बराच वेळ दिसत होता."

मग म्हणाले, "मज नाही दिसला." आणि गाडीला वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले. किल्ली त्यांनी मधल्या खाचेत ठेवली होती.

तंजावर अजून दीडशे किलोमीटर होतं. मी सीट पुढे ओढली, वर उचलली, आरसे फिरवले. क्लच जड होता आणि खूप वर आल्यावर पकडायचा. मी घाईने उजवा पाय दाबू लागले तेव्हा अप्पा म्हणाले, "पाय लावूं नको. क्लच हळू सोड, तीच चालेल." मी तसं केलं, आणि तेवढी दीड टनाची गाडी बैलासारखी आपली आपण चालू लागली. माझी निम्मी भीती तिथेच गेली.

उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना मात्र फजिती झाली. मी चौथ्या गिअरमध्ये रेंगाळत होते, पाय दाबला तर काहीच होईना, अजून दाबला तर गाडीने एकदम झेप घेतली आणि मी घाबरून पाय उचलला. अप्पांनी समजावलं की काटा पंधराशेच्या खाली असेल तर इंजिन झोपलेलं असतं, ओलांडायच्या आधी एक गिअर खाली घे, मग ते लगेच उठतं. पुढचा ट्रॅक्टर मी तिसऱ्या गिअरमध्ये ओलांडला. अप्पांनी मानेनेच बरं म्हटलं.

कोळ्ळिडम नदीवरच्या अरुंद पुलाशी समोरची वाहनं सोडेपर्यंत आम्हाला थांबावं लागलं. तिथे मी त्यांना फुलपात्राचं सांगितलं, दचकण्याचं सांगितलं, मेट्रोच्या रस्त्यावरचं सांगितलं.

"तेव्हांच सांगायचें होतें, मा."

"भीती वाटली. गाडी सुटली तर तुमचं काय होईल म्हणून."

मग त्यांनी कारखान्यातली एक गोष्ट सांगितली. एका नवीन तंत्रज्ञाने तेलाच्या दाबाचा वाईट आकडा साहेब रागावतील म्हणून लिहिलाच नव्हता. इंजिन महिन्याभरात परत आलं, आतून चिरलेलं. पूल मोकळा झाला आणि मी पहिला गिअर टाकला.

तंजावरचा सोहळा झाला. येताना नवऱ्याने गाडी चालवली, आणि चेन्नईला आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. अप्पांना एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. बारीक उजेडाचे ठिपके दिसतील तेव्हा बटण दाबायचं. कागद बाहेर आला तेव्हा डाव्या डोळ्याच्या चित्रात मध्य सोडून बहुतेक सगळं काळं होतं, आणि उजव्याच्या चित्रात नाकाकडचा, म्हणजे डावाच, भाग काळा होता. काचबिंदू, डॉक्टर म्हणाल्या. मधली नजर शाबूत राहते म्हणून पाट्या वाचता येतात आणि कुणाला कळत नाही, गेलेलं परत येत नाही, पण थेंब नियमित घातले तर उरलेलं बहुधा राखता येईल.

मला वाटलं होतं अप्पा वाद घालतील. त्यांनी तो कागद जुन्या सवयीने उजेडात धरला, कडेचे आकडे वाचले आणि डॉक्टरांना दोन नेमके प्रश्न विचारले. मग म्हणाले, "यंत्र खोटें नाही सांगत." जिन्याने उतरताना त्यांनी मला आपल्या डावीकडे घेऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि नवऱ्याला सांगितलं की आता गाडी हिच्या नावावर कर.

त्यानंतर मी पेरुंगुडीच्या माझ्या शाखेत गाडीनेच जाऊ लागले. सकाळ-संध्याकाळ थेंब घातल्यावर अप्पा स्वतःच वहीत खूण करायचे. चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. बाहेरच्या बाकावर मी हातातली पिशवी इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले. डॉक्टरांनी जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून आम्हाला दाखवले. काळा भाग तेवढाच होता. डोळ्यांतला दाबही उतरला होता. अप्पांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि कॉफी प्यायची इच्छा आहे म्हणाले.

मी नवऱ्याला फोन करून सांगितलं. पलीकडून त्याने नाक ओढल्याचं ऐकू आलं. अप्पांनी आणि मी कॉफी घेतली, घरी आलो. मी त्या दिवशी बँकेत रजा टाकली होती. दुपारी जेवून आडवी झाले ती एकदम पाच वाजता उठले. उठले तेव्हा अप्पा शेजारच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होते, आणि हसत होते.