एन्टरबाईंची एक ओळ

दिनांक ३ मार्च रोजी आमच्या पेन्शन कार्यालयात बेचाळीस हजार सहाशे पंच्याऐंशी रुपयांचे कोटेशन आले. पेन्शनरांचे सहा हजार तीनशे बारा फोटो जुन्या टिफ प्रकारातून जेपीजीत बदलून देण्याची ही किंमत. पेन्शनची नवी संगणक यंत्रणा जेपीजीशिवाय कुणाचे तोंड बघायला तयार नव्हती, आणि एकतीस तारखेपर्यंत फोटो चढला नाही तर पेन्शन बंद.

आवक-जावक टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “साहेब, हे मी एका ओळीत करते. फुकट.”

बाई एकवीस वर्षे टपालाला नंबर घालतात. माउसला हात लावत नाहीत. संगणकाच्या काळ्या खिडकीत आज्ञेची ओळ टाइप करतात आणि एन्टर असा हाणतात की शेजारच्याचा चहा डचमळतो. म्हणून त्या एन्टरबाई. त्यांची थोरली बहीण त्या सहा हजारांत होती आणि तिची चूल या पेन्शनवरच पेटते.

“फुकट?” साहेब दचकले. “मग चुकलं तर जबाबदार कोण?”

“पैसे मोजले की चुकत नाही का, साहेब?”

कोटेशनच्या मंजुरीला दोन महिने लागणार होते, म्हणून साहेबांनी मन मोठे केले. बाईंनी आधी मूळ फोटोंची प्रत काढण्यासाठी अर्ज दिला. आमच्याकडे मंजुरीशिवाय कशाचीही प्रत निघत नाही. शेरा आला, ‘प्रतीचे प्रयोजन काय?’ बाईंनी उत्तर दिले. त्यावरही शेरा आला.

सत्तावीस तारखेला साहेब स्वतःच खुर्चीमागे उभे राहिले. “फार जागा खातात हे. पार लहान करा. आणि जुने लगेच पुसून टाका, पसारा नको.”

“चेहरा ओळखू येणार नाही, साहेब.”

“ज्याचा तो ओळखेल हो!”

एन्टर. अकरा मिनिटांत सगळी माणसे मोहरीएवढी झाली आणि जुने फोटो पुसले गेले. यंत्रणेने एकूणएक परत पाठवली: चेहरा दिसत नाही. साहेबांचा मात्र स्वच्छ दिसत होता.

“बाई, आता हो?”

“आता शेरा लिहा,” म्हणत बाईंनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. अर्ज फिरत होता तेव्हाच त्यांनी गुपचूप प्रत काढून ठेवली होती. आकाराला हात न लावता तीच ओळ पुन्हा टाकली. एकतीसला दुपारी शेवटचा फोटो चढला. बहिणीची पेन्शन वेळेवर आली.

वरून साहेबांना अभिनंदनाचे पत्र आले. बाईंना मेमो मिळाला: कार्यालयाची माहिती विनापरवानगी खासगी साधनावर का घेतली? त्यांनी लिहिले, ‘लागणार होती म्हणून.’

पेन ड्राइव्हचे बिल मी लेखा शाखेतून दोनदा वर पाठवले. प्रतीस मंजुरी नव्हती, म्हणून दोनदा परत आले. बाईंचे तीनशे ऐंशी देणे बाकी आहे.