दौलतची गाण्याची खोली

दौलत तांडेलची उभी हयात मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत, बॉयलरच्या घरघरीत गेली. निवृत्त झाल्यावर त्याने एकच हौस केली. मुलगी वर्षाली लग्न होऊन वर्तकनगरला गेली, तेव्हापासून कोपरच्या घरातली तिची खोली रिकामीच होती. ती त्याने गाणी ऐकायला घेतली. चांगले स्पीकर आणले. पण पहिलंच गाणं लावलं आणि त्याचं तोंड उतरलं. सूर गुळगुळीत भिंतींवर आपटून परत येत होते, तबला कोपऱ्यात नुसता घुमत होता.

"इतक्या वर्सांनी ऐकाला बसलो, त्यात पन गोंगाटच!"

त्याची बायको शेवंती हसली. तिने पेटीतल्या जुन्या गोधड्या काढून दिल्या. त्या भिंतीला टांगल्यावर आवाज जरा निवला आणि दौलतला नादच लागला. लाकडी चौकटीत रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर, भरून, वर सुती कापड ताणून त्याने तक्ते बनवले. ते कुठे लावायचे हे शोधायला शेवंती भिंतीवरून आरसा सरकवत न्यायची आणि तो खुर्चीत बसून बघायचा. आरशात स्पीकर दिसला की समजायचं, आवाज इथूनच आपटून येतोय.

"थांब, तिथंच!"

"लोक आरशात बायको बघतान, तुमी डबा बघा," ती म्हणायची.

तक्ते लागले आणि गाणारीचा श्वाससुद्धा कळू लागला. उरलं फक्त शेजारच्या इमारतीचं पाडकाम. दौलतने जाड दरवाजा बसवून घेतला, फटींना रबर लावलं. दार लागलं की बाहेरचं काही म्हणता काही आत येत नसे.

एका दुपारी तहान लागली म्हणून तो बाहेर आला, तर बेल सारखी वाजत होती. दारात शेजारची विनिता रडकुंडीला आलेली.

"काका, कधीची बेल मारतेय! काकू हाका मारत होत्या, माझ्या घरात ऐकू आल्या!"

शेवंती स्वयंपाकघरात पडली होती. तोंड वाकडं झालेलं, उजवं अंग गेलेलं. आता हाक तिच्याने निघत नव्हती.

"आणायला एवढा उशीर का केलात?" डॉक्टरांनी विचारलं.

महिन्याभराने ती घरी आली, पण वाचा आली नाही. दौलतने तो दरवाजा बिजागऱ्यांसकट उखडून टाकला आणि तिचा पलंग त्याच खोलीत घातला. स्पीकरवर चादर टाकली. तिला भरवताना, पुसताना तो एकटाच बोलत राही.

वर्षाली एकदा म्हणाली, "बाबा, गाणी लावा ना. आईला बरं वाटेल."

त्याने चादर काढली, शेवंतीच्या आवडीचं गाणं अगदी हळू लावलं. गाणारी तिच्या उशाशी बसल्यासारखी गाऊ लागली. शेवंतीने डोळे मिटले आणि डावा हात उचलून हलवला. बंद करा.

त्याने बंद केलं. तिचं डोकं दुखत होतं, की ती दुपार तिला आठवली, हे तिला सांगता येत नव्हतं. आणि विचारायची दौलतची छाती झाली नाही.