सगळ्यांच्या हातातली किल्ली

वाघोलीच्या थांब्यावर यवतमाळच्या एसटीतून एका मुलीला मी खाली उतरवलं, ती सकाळ अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या मांडीवर बहिणीच्या साखरपुड्याची साडी होती. "सर, साखरपुडा झाला की मी परत येणारच होते," एवढंच ती म्हणाली. मी तिला जीपमध्ये बसवलं.

त्या वेळी मी पुणे शहरात पोलीस निरीक्षक होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर चढलो. कुणाच्या चिठ्ठीवर नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे घडलं ते चिठ्ठीवाल्यांनीच घडवलं.

नगर रस्त्यालगतच्या काही शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकून आलेला पैसा एका कंपनीच्या गृहप्रकल्पात घातला होता. प्रत्येकाचा वाटा 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट'वर राहणार होता. म्हणजे संगणकावरचा करार. अटी पूर्ण झाल्या की पैसे आपोआप वाटणारा. दसऱ्याच्या मुहूर्तावर मंगल कार्यालयात लॅपटॉपला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून करार सुरू झाला आणि पेढे वाटून होण्याआधी त्यातला सगळा पैसा गेला. कंपनीच्या संचालकाने फिर्याद दिली. संशयित म्हणून, करार लिहिणाऱ्या आपल्याच प्रोग्रामर मुलीचं नाव सांगितलं.

ती गावी पळते आहे, अशी खबर फोनवर आली. बस कोणती, सीट कोणती, सगळं सांगून फोन बंद. माझे वडील मंडईत कांदे-बटाटे विकायचे. न मागता सूट देणारा माल खपवायच्या घाईत असतो, हे मी त्यांच्या गाळ्यावर शिकलो. मुलीला ताब्यात घेतलं. पण ही खबर इतकी स्वस्त का आणि तिला चोर ठरवायची घाई कुणाला, हा प्रश्न डोक्यात राहिला.

चौकशीला महिला अंमलदार समोर बसवल्या. मुलीचा लॅपटॉप पंचांसमक्ष जप्त केला होता. त्यावर वाळलेलं कुंकू तसंच होतं.

"कराराची किल्ली तुझ्याकडे होती. मग पैसे दुसरं कोण काढणार?"

"किल्ली माझी नव्हती, सर."

"मग कुणाची?"

"सगळ्यांची."

मी टेबलावर हात आपटला. "मला पुणेरी उत्तरं द्यायची नाहीत!"

"मी यवतमाळची आहे, सर."

अंमलदार बाई हसू दाबत खिडकीकडे बघायला लागल्या. मी पाणी मागवलं आणि म्हणालो, "बस. पहिल्यापासून सांग."

तिने सांगितलं ते असं. हे करार लिहायला आणि तपासून बघायला प्रोग्रामर एक तयार साचा वापरतात. त्याला ते फ्रेमवर्क म्हणतात. किल्ली म्हणजे करारातले पैसे हलवू देणारी अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ. सरावासाठी त्या साच्यासोबत काही नमुन्याच्या किल्ल्या येतात, जगभर सगळ्यांना त्याच, कारण सराव खोट्या पैशांवर चालतो. खरा करार सुरू करण्याआधी त्या काढून स्वतःची गुप्त किल्ली घालायची असते. ते काम राहिलं होतं आणि तिने संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला होता. "संचालक सर म्हणाले, मुहूर्त काय संध्याकाळी आहे?"

तिच्या शब्दावर मी विश्वास ठेवला नाही. सायबरच्या उपनिरीक्षकाला बोलावलं आणि कोऱ्या संगणकावर तोच साचा पंचांसमोर नव्याने बसवायला लावला. पडद्यावर नमुन्याच्या किल्ल्या आल्या. त्यातली पहिली किल्ली जप्त लॅपटॉपमधल्या किल्लीशी अक्षर न अक्षर जुळली. दुसऱ्या संगणकावरही तीच आली. "या किल्ल्यांवर जगभरातले चोर टपून असतात, साहेब," उपनिरीक्षक म्हणाला. "खरा पैसा आला रे आला की त्यांचा प्रोग्राम तो उचलतो." रीतसर पंचनामा केला.

आता प्रश्न होता, किल्ली बदललेली नाही हे संचालकाला माहीत होतं का. तो पांढऱ्या लिननमध्ये आला. "टेक्निकल गोष्टींतलं मला काही कळत नाही हो. आपण फक्त व्हिजन देतो."

मी चहा मागवला आणि सौद्याला बसतो तसा बसलो. "पोरगी थापा मारते, साहेब. म्हणते, किल्ली बदलायला वेळ मागितला. एकदा करार सुरू झाला की किल्ली बदलताच येत नाही, एवढं मलाही कळतं."

"तसं नाहीये," तो मला शिकवायला लागला. "नंतरही बदलता येते. तिथे स्टेजवर तिनेच मला…"

बोलता बोलता त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

"स्टेजवर काय?" मी विचारलं.

त्याने वकिलाला फोन लावला.

ज्या वृद्ध शेतकऱ्याच्या हातून करार सुरू केला होता, त्यांचाही जबाब घेतला. "पोरगी थांबा म्हनत हुती, साहेब. पर ताशा वाजत हुता. ह्यो कंपनीवाला म्हनला, मुहूर्त टळतुय, दाबा. मग म्या दाबलं बटन."

एवढं घेऊन मी वरिष्ठांकडे गेलो.

"आरोपी हातात आहे, लॅपटॉप हातात आहे. आणखी काय पाहिजे आपल्याला?" त्यांनी विचारलं.

"ती आरोपी नाही, साहेब, साक्षीदार आहे. चोर कुठे बसलाय ते कुणालाच ठाऊक नाही. दार उघडं ठेवणारा मात्र इथलाच आहे."

"लोकांना नाव लागतं. त्या संचालकाकडे कोणाकोणाचं जाणं-येणं आहे, माहितीये ना?"

मी भडकलो. आवाज चढला. मग सवयीने घासाघीस केली. म्हणालो, "तिचं नाव दोषारोपपत्रातून वगळा आणि मला हवं तिथे पाठवा." त्यांनी सौद्याचा दुसरा अर्धा भाग तेवढा मान्य केला. बदली होऊन मी नियंत्रण कक्षात फोन घेत बसलो. दोषारोपपत्रात मुलगी आरोपी आणि संचालक सरकारी साक्षीदार. ती कोठडीत असल्याचं कळल्यावर मुलाकडच्या पाहुण्यांनी बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. बचाव पक्षाने मला साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "आपण तपास अधिकारी होतात की आरोपीचे वकील?"

"पंचनामा माझ्या सहीचा आहे," मी म्हणालो. "आपण तो वाचायची तसदी घेतली असती तर हा प्रश्न पडला नसता."

मुलगी निर्दोष सुटली. संचालकाचं काहीच झालं नाही. शेतकऱ्यांचा पैसा परत आला नाही. ज्यांनी माझी बदली केली, त्यांना बढती मिळाली.

निकालानंतर व्हरांड्यात मुलीचे वडील माझ्यापाशी आले. "साहेब, ते किल्लीचं तुम्हाले तेव्हाच समजलं होतं ना?"

"हो."

"मंग?"

गुन्हा उलगडला की तपास संपतो, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. त्या व्हरांड्यात कळलं की तो फक्त आमच्यापुरता संपतो. उलगडलेल्याचं पुढे काय करायचं हे वर ठरतं, आणि तिथे पंचनामे कुणी वाचत नाही. पण हे त्या माणसाला सांगून काय उपयोग होता? नमस्कार न करताच मुलीला घेऊन ते जिना उतरले. त्यांचं बरोबरच होतं.