चिंधीतलं बी

निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं होती. लग्न होऊन सोनपेठजवळच्या गावात आले, तेव्हा पाथरीच्या माहेरचं मिरचीचं बी मी चिंधीत बांधून आणलं होतं. परसात वाफा करून पेरलं. पंधरा दिवस पाणी घातलं, पण एक कोंब दिसेना.

तेव्हा सून सासऱ्यांशी बोलत नसे, आणि तेही बोलत नसत. एका सकाळी वाफ्याजवळ थांबून ते सासूबाईंना सांगितल्यासारखं करून म्हणाले, "बी बोटभर खोल गेलंय. वर नुसती माती भुरभुरावी. राख टाकली की मुंग्या येत न्हाईत."

सासूबाई तर नदीवर गेल्या होत्या. बोलणं माझ्यासाठी होतं. म्हणजे इतके दिवस त्यांचंही त्या वाफ्याकडे लक्ष होतं.

उरलेलं चिमूटभर बी मी तसं पेरलं. दहाव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. पुढे झाडांना मिरच्या लागल्या, तेव्हा पहिला ठेचा सासऱ्यांच्या ताटात वाढला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, आता ताट सरकवतील. पण ते माझ्याकडे वळले.

"सूनबाई, लय तिखट हाय. ह्याचं बी राखून ठेव."

"ठेवते," मी म्हणाले. त्यांच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द.