पाळी शेवटाकडून

आमच्या भागात एकामागून एक येण्याला बरेच शब्द आहेत. डेअरीत रांग असते, एसटीच्या दारात लाइन, गिरणीत नंबर. पंगतीत ‘ओळीनं वाढा’ म्हणतात. शेताच्या पाण्याची असते ती पाळी. या सगळ्या शब्दांवरून भांडता येतं. माझा नंबर आधी होता म्हणत कुणीही बाह्या सरसावतो. म्हणून गावच्या पाणीवाटप संस्थेचा सचिव असताना मी यातला एकही शब्द वापरत नसे. मी म्हणायचो, ‘सिक्वेन्स’. पाटबंधारेच्या साहेबांच्या तोंडून उचललेला शब्द. ‘सिक्वेन्सनं येईल पाणी’ म्हटलं की समोरचा गप्प बसायचा. साहेबी शब्दाशी कोण भांडणार?

आमचं गाव आष्ट्यापासून जवळ. नदीचं पाणी वर उचलतात, चारीत, म्हणजे शेतांकडे नेणाऱ्या लहान कालव्यात, सोडतात, आणि चारीवरची दारं उघडून ज्याने त्याने आपल्या रानात घ्यायचं. चारीच्या तोंडाला माझं आणि माझ्या भावकीचं रान. शेवटाला बौद्ध वस्तीची रानं. कुणाचं रान कुठं, हेही काही आपोआप ठरलेलं नव्हतं, पण त्याबद्दल आम्ही बोलत नसू. पाणी तोंडाकडून सुटायचं. आमचे ऊस भिजायचे, बांध भिजायचे, रस्तासुद्धा भिजायचा. शेवटाला पोहोचेपर्यंत पंप बंद व्हायची वेळ आलेली असायची.

एका उन्हाळ्यात अगदी शेवटच्या शेताची मालकीण माझ्या ओसरीवर आली. नवरा कराडला कामाला, शेती तीच बघायची.

“आवं तात्या, औंदा हळद लावायची हाय. बेणं ठेवलंय सावलीला झाकून. पाणी कवा मिळंल?”

“सिक्वेन्सनं मिळेल.”

“त्यो सिक्वेन्स ठरवला कुणी?”

“वरनं आलाय.”

“वरनं म्हंजे आभाळातनं? मग पाऊसबी तुमच्या भावकीच्याच रानात पडतुया व्हय?”

मी हसण्यावारी नेलं. पण वरून काहीही आलेलं नव्हतं. संस्था सुरू झाली त्याच दिवशी साहेबांनी मला सांगितलं होतं की क्रम तुमच्या सभेने ठरवायचा, खातं त्यात पडणार नाही. ते मी कुणालाही सांगितलं नाही. तोंडाकडून शेवटाकडे हा क्रम मीच ठरवला आणि त्यावर साहेबांचा शब्द चिकटवून दिला. शेवटच्या रानांत ज्वारीशिवाय काही होत नव्हतं त्याचं कारण जमीन नव्हती. मी होतो.

त्याच आठवड्यात सभा होती. साहेबही आले होते. बायका सहसा दारापाशी बसत. ती उठून थेट साहेबांच्या खुर्चीसमोर गेली.

“सायेब, एक इचारू? पाणी तोंडाकडनंच सोडायचं, आसा तुमचा हुकूम हाय का?”

साहेब गोंधळले. “आमचा कसला हुकूम? सिक्वेन्स तुमच्या सभेनं ठरवायचा. सचिवांना माहीत आहे की.”

सगळा हॉल माझ्याकडे वळला. त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं. मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, “म्हणूनच तर हा विषय आज घ्यायचा ठरवलाय मी. यंदा पाळी शेवटाकडून सोडावी, अशी माझी सूचना आहे.”

टाळ्या पडल्या. तोंडाला रान असलेल्या माणसाने असं म्हणावं! भावकीतल्या कुणाला विरोध करायला तोंडच राहिलं नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आपल्या जागी जाऊन बसली.

पाळी शेवटाकडून सोडायची तर वरची सगळी दारं बंद हवीत. पाणी सुटलं त्या सकाळी वस्तीवरच्या बाया एकेका दारावर उभ्या राहिल्या. माझ्या चुलतभावाने सवयीने आपल्या दाराची फळी उचलली. त्या दारावर शेवटच्या रानाची मालकीणच उभी होती.

“दादा, फळी खाली.”

“वैनी, लय न्हाई घेत. नुसता पाट वला करतो.”

“पाट वला करायचा आसंल तर कळशी आणा घरनं.”

आजूबाजूचे सगळे हसले आणि फळी खाली गेली. दुपारी पाण्याचं तोंड शेवटाला पोहोचलं. पुढे पालापाचोळा, पिशव्या, मळकट फेस आणि मागून लाल गढूळ भरगच्च पाणी. “आलं गं, आलं!” असा ओरडा झाला. ‘जय भीम’च्या घोषणा झाल्या. ती अनवाणी पाण्यात उतरली आणि खोऱ्याने वाट करत पाणी आपल्या रानात घेऊन गेली. कोरडी जमीन पाणी पिते तेव्हा चुरचुर आवाज होतो. तो आवाज त्या रानातून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

हळद लागली. अशी लागली की शिजवून, वाळवून सांगलीच्या बाजारात नेली तेव्हा तिच्या पोत्यांभोवती व्यापारी उभे राहिले. आणि तोंडाचे ऊस काही वाळले नाहीत. उरलेल्या पाण्यातच भागवायचं म्हटल्यावर आम्हीही बेताने पाणी घ्यायला शिकलो. पुढे दुसऱ्या गावांचे लोक आमची चारी बघायला येऊ लागले. शेवटच्या शेताला पहिलं पाणी देणारा सचिव म्हणून माझा सत्कार झाला. शाल घेतली, भाषणही केलं. ती समोर बसली होती. घरी आल्यावर ती शाल मी ट्रंकेच्या तळाशी ठेवली, आणि पुढेही कितीतरी वर्षं कुणी त्या गोष्टीबद्दल वाखाणलं की मी विषय बदलायचो.

यंदाच्या वार्षिक सभेत मी उठलो. आता वय झालंय. वरून काही आलेलं नव्हतं, क्रम माझा होता, तो बदलण्याचं श्रेय माझं नाही, प्रश्न विचारला तिने, मी फक्त सापडलो म्हणून उदार झालो, हे सगळं सांगितलं.

मग तीच उठली.

“बसा तात्या. मला त्याच दिवशी कळलं व्हतं.”

“मग बोलली का न्हाईस?” चुलतभावाने मागून विचारलं.

“बोलले आसते तर तात्या ईरंला पेटलं आसतं आन माझं बेणं वाळून गेलं आसतं. मला पाणी पायजे व्हतं. मोठेपणा तात्यांस्नी लागत व्हता, म्हनलं घिऊ द्या.” ती थांबली आणि हसली. “आज त्यो परत आला. घेते मी.”

असा हशा आणि अशा टाळ्या त्या हॉलने कधी ऐकल्या नसतील. चुलतभावानेच उठून अध्यक्षपदासाठी तिचं नाव सुचवलं आणि हात एकदम वर गेले. तिचं भाषण व्हावं म्हणून सगळे आग्रह करू लागले. तिने पदर खोचला.

“भाषन फुडल्या टायमाला. घरी हळद शिजायला घातलीया,” म्हणाली, आणि टाळ्या चालू असतानाच दाराबाहेर पडली.