धुक्यावरचे शिक्के

तैपेईच्या संग्रहालयात रेशमावरच्या एका जुन्या चिनी चित्रापुढे उभी राहिले आणि माझं डोकंच फिरलं. उंच डोंगर, पायथ्याशी इवलासा लाकडी पूल आणि मध्ये चित्रकाराने मुद्दाम कोरं सोडलेलं रेशीम. ते कोरेपण म्हणजेच धुकं. आणि त्याच धुक्यावर लालभडक चौकोनी शिक्के! हे चित्र ज्या ज्या बादशहाच्या ताब्यात गेलं, त्याने त्याने आपल्या नावाचा शिक्का हाणला होता. एकाने तर बरोबर मधोमध, तळहाताएवढा.

"अगं, पद्धतच आहे त्यांची," शेजारची पाटी वाचून नवरा म्हणाला. "मानाचं समजतात."

मान कुणाचा? आमच्या गावच्या देवळात पंखा थांबला की पात्यापात्यावर देणगीदाराचं नाव दिसतं. पायरीवर नाव, घंटेवर नाव, प्रभावळीवरसुद्धा नाव. हात जोडावेत तर देवाआधी कुणाचे तरी कैलासवासी वडीलच दर्शन देतात. ती पायरी घडवणारा पाथरवट मात्र कुठेच नाही.

"आणि चित्रकाराचं नाव?" मी विचारलं.

त्याने पाटी पुन्हा वाचली. "झाडाच्या पानांत लिहिलंय म्हणे, अगदी बारीक."

काचेला नाक लावून शोधलं. सापडेना. संताप आणखीच चढला.

"जरा मधे सरक ना," मागून नवरा मोबाइल रोखून म्हणाला. "फोटो काढतो. इथे येऊन गेलो, हे कळायला नको?"

"म्हणजे आपलाही एक शिक्का," मी म्हणाले आणि चित्रासमोरून बाजूला झाले.