बांधावर अडकलेलं खुराडं

अक्काबाईंचं खुराडं म्हणजे तुरुंगच होता. त्यांचा मुलगा गोरक्ष सातपूरच्या एका कारखान्यात वेल्डर. त्याने अँगल, जाळी आणि जाड पत्रा वापरून ते इतकं भक्कम जोडलं होतं की कोंबड्यांऐवजी म्हैस कोंडली असती तरी चाललं असतं. पुढे तेच आमच्या जिवावर उठलं.

आमची वस्ती दिंडोरीच्या खालच्या अंगाला. घरं दोनच, आमचं आणि अक्काबाईंचं. त्यांच्या घरापलीकडे ऊस, आणि खुराडं उसाला लागून. दोन हजार चार साली त्या उसात बिबट्या शिरला. आधी कुत्रं गेलं, मग आमची शेळी.

गोरक्ष रविवारी आला तो ठरवूनच. "आई, आज खुराडं घराच्या भिंतीला आणतो. नाय जमलं तर माझ्यासंगं चल. वाघाच्या तोंडाशी एकटी राहायचं नाय."

"जमंल," अक्काबाई म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्या या घरात एकट्याच राहत होत्या आणि सातपूरच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव गुदमरायचा. मला मात्र ते लोखंड बघूनच धडकी भरली होती.

आत हिसके बसून पाय मोडतील म्हणून कोंबड्या सकाळीच चरायला सोडल्या. ट्रॅक्टर द्राक्षबागेच्या तारांमुळे आत येईना. मग द्राक्षमांडवाचे जुने पाइप खाली टाकले आणि त्यांवरून खुराडं सरकवायला घेतलं. गोरक्ष आणि आमचे हे पहारीने रेटायचे, मागे मोकळा झालेला पाइप मी आणि अक्काबाई उचलून पुढे टाकायचो. सपाट जमिनीवर हे झकास चालतं. आमच्याकडे नांगरटीची ढेकळं, मध्ये पाइपलाइनचा चर आणि घराच्या अलीकडे बांध. चरात एक कोपरा धप्पकन खाली गेला तेव्हा अक्काबाईंनी मला दंडाला धरून मागे ओढलं, नाहीतर माझी बोटं गेलीच होती.

बांधावर चढवताना खुराडं कललं. दोघांनी पहारी खाली घालून ते कसंबसं तोलून धरलं. सोडलं असतं तर त्यांच्याच अंगावर आलं असतं. मी आणि अक्काबाई दगड शोधून खाली लावत होतो, तेवढ्यात दिवस मावळला.

"मीना, कोंबड्या कुठं हायत?" अक्काबाईंनी विचारलं.

आम्ही सगळे जन्मभर कोंबड्या पाळणारे. कोंबडी सांजेला खुराड्याकडे नाही, तर जागेकडे परतते, हे एकालाही आठवलं नव्हतं. मागे पाहिलं तर खुराडं जिथून हललं होतं त्या मोकळ्या चौकोनात सगळ्या गोळा होऊन बसल्या होत्या, उसाकडे पाठ करून.

अक्काबाई कोंबड्या भरून आणायला पाटी घेऊन निघाल्या. गोरक्ष ओरडत राहिला, पण पहार सोडता येत नव्हती. मी त्यांच्या मागे गेले. का गेले ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा कोंबड्या चिडीचूप होत्या आणि सगळ्यांच्या माना ताठ. वारा पडलेला. तरी उसाची पाती हलली, थांबली, मग थोडी अलीकडे हलली.

अक्काबाई मटकन खाली बसल्या. "मीना, मला उठता येईना," त्या कुजबुजल्या. मी त्यांना काखेत धरून उठवलं आणि पाटी, कोंबड्या तशाच टाकून आम्ही उसाकडे तोंड ठेवून मागे मागे सरकत आलो.

तोवर दोघांनी रेटत रेटत खुराडं आम्ही लावलेल्या दगडांवर टेकवलं होतं. आईचा चेहरा घर सोडायच्या दुःखानं उतरलाय असं वाटून गोरक्ष नरमला. "राहू दे आई, उद्या आणखी माणसं आणतो. तू हितंच राहा."

"नको. मला न्हे," अक्काबाई म्हणाल्या. "मला लय भेव वाटतं रे. आजचं नाय हे. दिवस मावळला की दाराला पाटा लावून बसते, उजाडंस्तोवर. सांगितलं असतं तर तू नेलं असतं, म्हनून बोलले नाय."

गोरक्षने आत जाऊन त्यांचं गाठोडं बांधलं.

सकाळी त्या गेल्या. खुराडं बांधावर तिरकंच राहिलं. दिवसभर मी बागेत होते, पण लक्ष कामात नव्हतं. संध्याकाळी ऊन असतानाच मी दार लावून घेतलं. हे हसले. मी हसले नाही. उसाकडून येताना पहिलं राहतं घर आता आमचं होतं.